ताप नाही

दवाखान्याच्या तळघरात उतरायला सोळा पायऱ्या होत्या आणि शेवटच्या पायरीशी मुकादमीण उभी असायची. डाव्या हातात हजेरीची वही, उजवा हात मोकळा. तो मोकळा हात धुलाईघरातल्या प्रत्येक बाईच्या कपाळाला लागायचा, मगच बाई आत. इथून वर जाणारं कापड ऑपरेशनच्या टेबलावर जातं, जन्मलेल्या बाळाच्या अंगाखाली जातं, तेव्हा तापलेली बाई आत नको, असा नियम. भिंतीला थर्मामीटर टांगलेलं होतं, पण मुकादमीण त्याच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. म्हणायची, "काचेच्या काडीला काय कळतंय? तीस वर्षांत माझ्या हाताखालून एक ताप निसटला नाही."

निसटले होते. पुष्कळ निसटले होते, आणि ते तिला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

पायऱ्यांच्या वर, वळणावर, थंड पाण्याचा नळ होता. अंगात कसकस असली की बाई तिथे थांबायची, रुमाल भिजवून कपाळाला लावायची, मनात शंभर म्हणायची, कपाळ कोरडं करायची आणि हसत खाली उतरायची. गार कपाळ, "जा आत." आत गेल्यावर तर काळजीच नको. वाफेच्या इस्त्रीपाशी सगळ्याच बायका सकाळी नऊपासून उकडलेल्या. कुणाचं अंग कशानं तापलंय, कोण सांगणार?

ही युक्ती शोधून काढली होती सुरकुतीनं. ती सगळ्यांत जुनी इस्त्रीवाली. चादरीत एक सुरकुती दिसली की "ही बघ, माझी बहीण आली," म्हणून स्वतःच्या गालाला हात लावायची, म्हणून तिचं नाव सुरकुती. आणि तिच्या शेजारच्या टेबलावर उभी राहायची ती घडी. घडीचं खरं नाव वहीत होतं, पण तिची चादर वर जाऊन आठ दिवस कपाटात राहिली तरी कोपऱ्याला कोपरा सुटायचा नाही. तेव्हा तिला घडीच म्हणायचे.

ही गोष्ट त्या घडीची.

घरी तिचा नवरा, चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा. "जगाला दिसायला लावतो, आणि घरात माझे मोजे मलाच सापडत नाहीत," हा त्याचा ठरलेला विनोद. सासूबाई, ज्यांच्या जिभेला हाड नव्हतं पण धार होती. आणि नऊ वर्षांची लेक, जिला सगळे मॅडम म्हणत. मॅडमचे पाय लाकडासारखे ताठ, एकमेकांना घासणारे, टाचा उचललेल्या. एक एक शब्द ओठांपाशी यायला वेळ घ्यायचा. पण शब्द आला की समोरच्याला घेऊनच जायचा. चाकाच्या खुर्चीत बसून ती डोळ्यांनी हुकूम सोडायची. पंखा, पाणी, आजीला जरा गप्प कर.

पाचवं माणूस घरात राहत नसे, पण दर रविवारी दुपारी तीनला दार वाजायचं. घडीची मोठी नणंद. त्याच दवाखान्यात सिस्टर. आली की पर्स खुंटीला, घड्याळ काढून खिशात, हात धुऊन थेट जमिनीवर बैठक. मॅडमचे पाय मांडीवर घ्यायचे आणि एकेक सांधा हळूहळू सैल करायचा. नऊ वर्षांत तिचे चुकलेले रविवार एका हाताच्या बोटांवर मावतील एवढे.

लोक म्हणायचे, "काय माया आहे आत्याची!" घडीला ठाऊक होतं, ती माया होतीच, पण ती शिक्षासुद्धा होती.

मॅडमचा जन्म नणंदेच्या हातून झाला होता. आठवा महिना लागला न लागला तोच घडीला दिवसाउजेडी कळा सुरू झाल्या, लेबर रूममध्ये नणंदेचीच पाळी. बाळाचं डोकं अडलं, थोडा वेळ गेला, नणंदेनं खेचून बाळ बाहेर काढलं. पुढे दहा महिने झाले तरी बाळ बसेना, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायला लागले, आणि डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी हे नाव सांगितलं. त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं होतं, "म्हणजे जन्मताना काहीतरी झालं, असंच ना?" आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच्या लेकीकडे, म्हणजे नणंदेकडे, बोट केलं होतं, "ओढलंस तू. माझी नात ओढून मोडलीस."

महिन्याभरात नणंदेनं लेबर रूम सोडली. बाह्यरुग्ण विभागात टेबल मागून घेतलं. नावं लिहायची, वजन करायचं, फाइल पुढे सरकवायची. बाळंतपणं पुन्हा केली नाहीत.

आणि घडी? घडी मूग गिळून बसली होती. कारण तिला एक गोष्ट माहीत होती, जी घरात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती.

बाळंतपणाआधी दोन दिवस तिला ताप होता.

पहिल्या दिवशी सकाळी अंग थरथरत होतं. नियम असा होता की आठव्या महिन्यात मुकादमिणीनं परत पाठवलं, तर त्याच दिवसापासून बाळंतपणाची रजा सुरू. जेवढे दिवस आधी घरी बसाल तेवढे दिवस नंतर बाळापाशी कमी. घडीनं पोटावर हात ठेवून बाळाला सांगितलं होतं, "तुझे दोन दिवस मी कुणाला देणार नाही." आणि नळापाशी थांबली होती. सुरकुतीनं स्वतःचा रुमाल भिजवून दिला होता. पर्समधली तापाची गोळीही दिली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुपारी चादरीच्या ढिगाशीच पाणी सुटलं. लेबर रूममध्ये नणंदेनं घाईघाईत थर्मामीटरची काडी लावली. तासाभरापूर्वीच्या गोळीनं अंग गार पडलेलं. "ताप-बीप काही?" नणंदेनं विचारलं होतं. आणि घडीनं म्हटलं होतं, "नाही ताई."

केसपेपर कचेरीत जायचा. तापात निर्जंतुक कापडावर काम केलं हे कळलं असतं तर नोकरी गेली असती. आणि खरं सांगायचं तर तेव्हा वाटलं होतं, ताप गेलाच आहे की. गेलेल्या तापाचं काय सांगायचं?

नऊ वर्षं हे असंच निभावलं, पुढेही निभावलं असतं. पण दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्या.

त्या मेंदूच्या डॉक्टर होत्या आणि अशा मुलांचा अभ्यास करत होत्या. मुलाचं थोडं रक्त घ्यायचं, आईला प्रश्न विचारायचे. प्रश्नांचा फॉर्म भरून घ्यायला त्यांनी बाह्यरुग्ण विभागातली सर्वांत नेमकी सिस्टर मागितली. म्हणजे नणंदच.

तर बुधवारी सकाळी घडी, नवरा आणि मॅडम त्या खोलीत बसले. खोली एवढीशी. दोन टेबलं, खुर्चीचं चाक दाराला घासत होतं, खिडकीपाशी एका बाजूचं चाक गेलेली खेळण्यातली गाडी. नणंद छोट्या टेबलाशी पेन घेऊन बसलेली. दाराकडे जायचं तर तिच्या गुडघ्यांना ओलांडूनच जावं लागलं असतं.

डॉक्टरीणबाई बोलायला मोकळ्या होत्या. "आधी आपण धरूनच चालायचो, की अशा बाळाला जन्मताना प्राणवायू कमी पडला. काहींना पडतोही. पण पुष्कळांच्या बाबतीत गोष्ट त्याआधीच सुरू झालेली असते."

"आधी म्हणजे कुठे?" नवऱ्यानं विचारलं.

"पोटातच. समजा, बाळ ज्या पिशवीत आहे तिथपर्यंत जंतू पोचले. आईचं शरीर त्यांच्याशी लढणार. बोटात काटा गेला की बोट लाल होतं, सुजतं, ठणकतं ना? त्याला दाह म्हणतात. तसाच दाह आत होतो, आणि त्यात तयार होणारे पदार्थ बाळापर्यंत जाऊ शकतात. आठव्या महिन्याच्या आसपास बाळाच्या मेंदूतल्या तारांवर आवरण चढायचं काम चालू असतं. कच्चं काम. तिथे धग लागते."

"कुठल्या तारा?"

"पायांकडे जाणाऱ्या बऱ्याचदा आधी सापडतात."

मॅडमनं मान वर केली. सगळे थांबले, कारण मॅडम बोलायला लागली की थांबायचं असतं.

"म्हणजे माझं... वायरिंग... जळलं."

"थोडंसं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"दिवे... लागतात की."

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. नवरा हसला. नणंदसुद्धा फॉर्मवर वाकून हसली. घडी मात्र मॅडमच्या पायांकडे बघत होती.

"आणि काही मुलांत," डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या, "ही धग राखेखालच्या निखाऱ्यासारखी वर्षानुवर्षं राहते की काय, असा संशय आहे. म्हणून रक्त बघायचं."

"विझवता येते?" हे घडीनं विचारलं. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"अजून माहीत नाही. तेच शोधायचंय. पण त्यासाठी कुठल्या मुलाचं कुठे सुरू झालं, हे खरं कळायला हवं. मूल चुकीच्या गटात गेलं की उत्तरही चुकीचं येणार. चला सिस्टर, विचारा."

नणंद विचारायला लागली. तिचा आवाज सरकारी, सपाट. कितवं बाळंतपण, कितवा महिना, पाणी कधी सुटलं. मग, "बाळंतपणाआधीच्या आठवड्यात ताप?" आणि वर न बघताच ती म्हणाली, "नाही. जुन्या केसपेपरवर माझ्याच हातचं लिहिलंय." पेनानं एक खूण केली. चर्रर्र. एवढासा आवाज, पण घडीला वाटलं, कुणी बाहेरून कडी घातली.

"म्हणजे हिच्यात दाहाकडे बोट दाखवणारं काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हिचं दाहाचं नाहीच, डॉक्टर." नणंदेनं फॉर्म घडीपुढे सरकवला. "हिचं माझ्याकडून झालंय. डोकं अडलं होतं, मी वेळ घेतला. मी होते तिथे."

पत्ता सांगावा तसं सांगितलं तिनं. डॉक्टरीणबाई काहीतरी म्हणत होत्या, "सिस्टर, असं एका माणसावर..." पण नणंदेचं बोट फॉर्मच्या तळाशी होतं. "इथे सही कर."

घडीनं सही केली.

दुपारी इस्त्रीपाशी तिनं सुरकुतीला गाठलं. मशीनचा आवाज मोठा, त्यामुळे कानाशी तोंड नेऊन ओरडूनच कुजबुजावं लागायचं.

"तुम्हाला आठवतं? माझ्या वेळी, नळापाशी? रुमाल?"

"कसला रुमाल?"

"मला ताप होता. तुम्ही गोळी दिली होतीत. मॅडमच्या वेळी!"

सुरकुतीनं चादरीचं टोक ताणलं, विचार केला, मान हलवली. "अगं, मी कितीजणींना रुमाल दिले! सगळ्या लक्षात ठेवायला काय मी कचेरी आहे? का, काय झालं?"

घडीला एकदम हसू फुटलं, आणि मग रडू. वाफेत दोन्ही सारखंच दिसतं. नऊ वर्षं तिला वाटत होतं, निदान एक साक्षीदार आहे. तीही नव्हती. म्हणजे आता हे फक्त तिच्या एकटीच्या पोटात होतं, आणि ती गप्प राहिली तर जगात ते कधी घडलंच नव्हतं.

सुरकुतीनं मशीन थांबवलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बोलू नकोस. आत्ता घरात तू बिचारी आहेस. उद्या कोण होशील?"

"आणि ताई?"

"ती काय, शिकलीसवरलेली. तिला सवय झालीय." मशीन पुन्हा सुरू झालं.

इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात, त्यात निदान उडी मारता येते. घडी तर दोन्हींच्या मधल्या वीतभर कट्ट्यावर नऊ वर्षं उभी होती. बोलावं, तर सासूबाईंची जीभ आहे, नवऱ्याचा चेहरा आहे, आणि मोठी होऊन सगळं कळणारी मॅडम आहे. न बोलावं, तर दर रविवारी तीनला दार वाजणारच.

रविवारी तीनला दार वाजलं.

पर्स खुंटीला. घड्याळ खिशात. नणंदेनं उजवा पाय मांडीवर घेतला. नवरा खिडकीशी बसून कुणाच्यातरी चष्म्याची दांडी बसवत होता. सासूबाई पलंगावर पाय लांब करून. घडी स्वयंपाकघराच्या दारात, हातात चहाचा कप, कप गार होत चाललेला.

"आत्या," मॅडम म्हणाली, "डॉक्टर म्हणाली... वायरिंग... आधीच गेलं होतं."

"काहींचं, म्हणाल्या त्या. घोटा सैल सोड."

"मग तू... काय केलंस?"

नणंदेचा हात थांबला नाही. "तुला ओढलं."

"जोरात?"

"जोरात."

मॅडमनं विचार केला. "बरं केलंस. नाहीतर... आतच राहिले असते."

"आलीस गं बाई," पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "पण आत्याच्या कृपेनं पाय आतच ठेवून आलीस."

नणंद तशीच. घोटा, गुडघा, घोटा. तिच्या मानेवर एक शीर वर आली आणि खाली गेली, एवढंच. ती शीर घडीला दिसली.

"आई, बास."

खोलीत सगळ्यांनी घडीकडे पाहिलं. या घरात सासूबाईंना हे दोन शब्द कधी कुणी म्हटले नव्हते.

"ताई," घडी म्हणाली, "मला ताप होता."

"आज?"

"तेव्हा."

नणंदेनं पाय खाली ठेवला नाही. दोन्ही हातांत तो तसाच धरून तिनं विचारलं, "किती दिवस?" आवाज बुधवारचा, फॉर्मचा.

"दोन."

"थंडी वाजून?"

"पहिल्या दिवशी."

"पोटात दुखत होतं?"

"खाली. वाटलं, बाळ आहे म्हणून असेल."

"गोळी घेतलीस?"

"दोन्ही दिवस. तुम्ही काडी लावलीत त्याच्या तासभर आधी एक."

"मी तुला विचारलं होतं."

"हो."

"काय विचारलं होतं? माझेच शब्द सांग."

"ताप-बीप काही?"

"आणि तू?"

घडीनं हातातला कप खाली ठेवला. "नाही ताई, म्हटलं. नोकरी जाईल अशी भीती होती. आणि त्याआधी लपवला तो रजेसाठी. हिच्याजवळ दोन दिवस जास्त मिळावेत म्हणून."

सासूबाई उठून बसल्या. "म्हणजे तू! नऊ वर्षं मी माझ्या पोटच्या पोरीला बोलत राहिले, आणि तू दारात उभी राहून ऐकत राहिलीस? कसली बाई आहेस तू? माझी नात..."

"आई," नणंद म्हणाली, "तू बोलत होतीस, ती गप्प होती. दोघींनी मिळून केलंत."



घडीनं नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही तरी काहीतरी बोला."

त्यानं हातातली दांडी खाली ठेवली. तो तिच्याकडे नाही, स्वतःच्या बोटांकडे बघत होता. "त्याच्या आदल्या दिवशी सकाळी तुझा हात धरला होता मी. म्हणालो, केवढी तापलीयस. तू म्हणालीस, इस्त्रीवाली आहे, गार कशी असेन." त्यानं दांडी पुन्हा उचलली. "मी हसलो होतो. दिवसभर दुकानात सांगत होतो तो विनोद."

मॅडम एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

नणंदेनं उजवा पाय जपून सतरंजीवर ठेवला. उठली. घड्याळ हातात बांधायला लागली, पण पट्टा छिद्रात जाईना. "डॉक्टर काय म्हणतील मला माहितीय," ती पट्ट्याशी बोलली. "ताप येऊनही कितीतरी बायकांची मुलं चांगली होतात. औषध वेळेवर दिलं असतं तरी पाय वाचले असतेच असं नाही. ओढण्यानं झालं नाही असंही कुणी लिहून देणार नाही. सगळं खरं. पण तू हो म्हणाली असतीस तर मी तसं लिहिलं असतं, तुला इंजेक्शन लागलं असतं, बाळामागून पडलेली वार तपासायला गेली असती. आणि मी..." पट्टा बसला. "मला ती लेबर रूम आवडायची गं. दिवसभर तेवढंच आवडायचं मला."

"ताई, मी..."

"उद्या सकाळी येऊन फॉर्म बदल. टेबलावर मी दुसऱ्या सिस्टरला बसवते. तिला सगळं सांग. तारखेसकट."

"येते. आणि रविवारी?"

नणंदेनं पर्स खांद्याला लावली. मॅडमच्या केसांवरून हात फिरवला, आणि तो हात तिथे थोडा जास्त वेळ राहिला. मग ती म्हणाली, "नाही."

दार लागलं. जिन्यावर पावलं वाजली, मध्येच थांबली. घडी कान देऊन उभी राहिली. पावलं पुन्हा सुरू झाली, खालच्या दिशेनं.

सासूबाई भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. उद्यापासून त्या बोलायला लागणार होत्या, आणि कुणाला, हे आता ठरलेलं होतं. नवरा तसाच बसून.

"आई," मॅडम म्हणाली. "डावा... राहिला."

घडी सतरंजीवर बसली. नऊ वर्षांत हे काम तिनं कधी शिकून घेतलं नव्हतं. करायला आत्या होती ना. तिनं डावा पाय मांडीवर घेतला. किती ताठ, आणि किती हलका. नेमकं धरायचं कुठे?

"गुडघ्याच्या... खाली हात," मॅडम म्हणाली. "दुसरा... टाचेला. आता... ढकल. हळू. आणखी."

घडीनं ढकललं. मॅडमचा श्वास अडकला, डोळे मिटले गेले.

"दुखतंय? थांबू का?"

"दुखतंच." मॅडमनं डोळे न उघडताच सांगितलं. "आत्या... थांबत नाही."

घडी पुढे वाकली आणि ढकलत राहिली.